पोटाचा टाका किती दिवस टिकायला हवा?

पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली की रुग्णाचे आणि नातेवाइकांचे सगळे लक्ष कातडीवरच्या टाक्यांकडे असते. ते कधी काढणार, जखम ओली तर नाही ना, व्रण किती दिसेल, हेच प्रश्न वॉर्डात रोज विचारले जातात. खरे तर कातडीच्या टाक्यांवर फारसा भार नसतो. भार असतो तो कातडी आणि चरबीच्या खाली, पोटाच्या मधोमध छातीच्या हाडापासून ओटीपोटापर्यंत उतरणाऱ्या एका पांढऱ्या, चिवट पट्टीवर. शरीररचनाशास्त्रात तिला लिनिया अल्बा म्हणतात. पोटाच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंची आवरणे या पट्टीत एकमेकांना येऊन मिळतात. मधला उभा छेद घेताना सर्जन इथूनच आत शिरतो, कारण इथे स्नायू कापावा लागत नाही, रक्त कमी जाते आणि गरज पडली तर छेद वर-खाली वाढवता येतो. बाहेर पडताना मात्र हीच पट्टी पुन्हा शिवावी लागते. ती शिवणारा दोरा रुग्णाला कधी दिसत नाही आणि तो काढलाही जात नाही. एक तर तो आत कायमचा राहतो किंवा हळूहळू विरघळून जातो. अशा विरघळणाऱ्या दोऱ्याची परीक्षा कशी घ्यायची हा या लेखाचा विषय आहे. प्रयोगशाळेत मोजलेली ताकद त्यासाठी पुरत नाही आणि रुग्ण धडपणे घरी गेला एवढ्यानेही काही सिद्ध होत नाही. ही परीक्षा माणसांवर, टाके घालण्याची पद्धत आधी ठरवून आणि काही वर्षे वाट पाहूनच पूर्ण होते. त्याआधीच्या सगळ्या चाचण्या म्हणजे नुसती चाळणी आहे, असे माझे म्हणणे आहे.

हा टाका दोन प्रकारे हरतो. पहिला प्रकार लवकरचा आणि भीतीदायक. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहाव्या ते आठव्या दिवशी जखमेतून अचानक गुलाबी पाणी येऊ लागते, आतली शिवण उसवलेली असते आणि कधी कधी आतडी बाहेर डोकावतात. सर्जन याला पोट फुटणे किंवा बर्स्ट अ‍ॅब्डोमेन म्हणतात. रुग्णाला तातडीने पुन्हा ऑपरेशन टेबलवर घ्यावे लागते, आणि आधीच खचलेल्या माणसाला हा दुसरा घाव अनेकदा झेपत नाही. दुसरा प्रकार उशिराचा आणि मुकाट. कातडी नीट जुळलेली असते, रुग्ण कामालाही लागलेला असतो, पण आतल्या पट्टीच्या दोन कडा हळूहळू दूर सरकत असतात. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी व्रणाजवळ फुगवटा दिसू लागतो. हा टाक्यांच्या जागेचा हर्निया, म्हणजे अंतर्गळ. मधल्या उभ्या छेदानंतर साधारण दहा ते वीस टक्के रुग्णांत तो होतो. लठ्ठपणा किंवा महाधमनीच्या फुग्याची शस्त्रक्रिया असेल तर प्रमाण याहूनही वाढते. इतक्या वारंवार होणाऱ्या गुंतागुंतीला ‘नशीब’ म्हणून सोडून देणे मला पटत नाही. त्यातला मोठा भाग दोऱ्याच्या आणि तो घालण्याच्या निवडीतून येतो, आणि निवड तपासता येते.

दोऱ्याकडून आपली अपेक्षा काय आहे हे आधी स्पष्ट हवे. कापलेली पट्टी पहिल्या आठवड्यात स्वतःच्या बळावर जवळजवळ काहीच भार पेलत नाही. त्या काळात पोट मिटलेले राहते ते केवळ दोऱ्यामुळे. पुढे पेशी कोलॅजेन तयार करतात, त्याचे तंतू ताणाच्या दिशेने रचले जातात आणि बळ वाढू लागते. तरीही मूळ ताकदीच्या निम्म्यापर्यंत पोहोचायला सुमारे दीड-दोन महिने जातात, आणि पूर्ण मूळची ताकद बहुधा कधीच परत येत नाही. या सगळ्या काळात रुग्ण खोकतो, शौचाला जोर करतो, पलंगावरून उठतो. खोकताना पोटाच्या आतला दाब पाऱ्याच्या 100 मिलिमीटरच्या वर जाऊ शकतो, तर शांत पडून असताना तो जेमतेम काही मिलिमीटर असतो. घराचा स्लॅब ओतल्यावर खालचे सेंटरिंग जे काम करते, तेच काम या दोऱ्याचे आहे: काँक्रीट स्वतःचा भार पेलू लागेपर्यंत टेकू द्यायचा आणि मग निघून जायचे. म्हणून ‘हा दोरा किती मजबूत’ एवढे विचारून भागत नाही. तो किती आठवडे किती टक्के मजबूत राहतो आणि त्या प्रत्येक आठवड्यात ऊती कुठवर पोहोचलेल्या असतात, या दोन आलेखांची जुळणी पाहावी लागते.

विरघळणाऱ्या दोऱ्यांचा इतिहास म्हणजे ही जुळणी साधण्याचा इतिहास. मेंढीच्या किंवा गुराच्या आतड्याच्या थरापासून केलेला कॅटगट जुनाच होता. जोसेफ लिस्टर यांनी तो कार्बोलिक अ‍ॅसिडने जंतुरहित करून वापरला आणि 1869 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी एका वासराच्या मानेतील धमनी अशा दोऱ्याने बांधली आणि सुमारे महिन्याने ती जागा उघडून पाहिली. दोऱ्याच्या जागी जिवंत ऊती तयार झाल्या होत्या. विरघळणारा दोरा वापरण्याआधी तो प्राण्याच्या शरीरात ठेवून पाहण्याचा हा लक्षणीय प्रयोग होता. मात्र कॅटगट शरीरातील प्रथिने पचवणाऱ्या विकरांमुळे विरघळतो, आणि ही विकरे कुठे किती असतील याचा नेम नसतो. जखमेत पू झाला तर पांढऱ्या पेशी तो भराभर खाऊन टाकतात, म्हणजे ज्या रुग्णाला टेकूची सर्वाधिक गरज असते त्याचाच टेकू सर्वांत आधी जातो. साधा कॅटगट आठ-दहा दिवसांत ढिला पडतो. क्रोमियम क्षारांनी प्रक्रिया केलेला थोडा जास्त टिकतो, पण पोटाच्या पट्टीला तेवढे पुरत नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पॉलिग्लायकोलिक अ‍ॅसिडचा डेक्सॉन आणि त्यापाठोपाठ पॉलिग्लॅक्टिनचा व्हिक्रिल आला. हे दोरे विकरांनी नव्हे, तर पाण्याच्या रेणूंनी तुटतात, म्हणून त्यांचे वेळापत्रक बरेच भरवशाचे असते. व्हिक्रिलची सुमारे निम्मी ताकद तिसऱ्या आठवड्यापर्यंत शिल्लक असते आणि चौथ्या आठवड्यापर्यंत पाव उरते. बाळंतपणातल्या टाक्यांना ते छान पुरते. ज्या पट्टीला निम्म्यावर यायलाच दीड-दोन महिने लागतात, तिच्यासाठी ते घाईचे ठरते. 1980 च्या दशकात पॉलिडायॉक्सॅनोन, म्हणजे पीडीएस, वापरात आला. चार आठवड्यांनीही त्याची निम्मी किंवा त्याहून जास्त ताकद उरते आणि पूर्ण विरघळायला सहा-सात महिने लागतात. शिवाय तो एकसंध तंतूचा आहे. व्हिक्रिलसारख्या विणलेल्या दोऱ्यात बारीक फटी असतात आणि तिथे जंतू दडून बसू शकतात. एकसंध दोऱ्यात तशी जागा नसते. याची किंमतही आहेच: हा दोरा गुळगुळीत आणि ताठर असल्याने गाठीला जास्त फेरे द्यावे लागतात.

दोरा बाजारात येण्यापूर्वी त्याच्यावर काय काय चाचण्या होतात ते पाहिले की परीक्षेच्या मर्यादाही दिसू लागतात. औषधसंहितांनी प्रत्येक आकारासाठी जाडीची मर्यादा, गाठ मारलेल्या दोऱ्याने किमान किती ओढ सोसली पाहिजे आणि सुई दोऱ्याला किती घट्ट बसलेली असावी, हे ठरवून दिलेले आहे. विरघळण्याचा वेग पाहण्यासाठी दोऱ्याचे तुकडे शरीराच्या तापमानाला, म्हणजे 37 अंशांना, रक्ताइतक्या आम्लतेच्या द्रावणात ठेवतात आणि दर आठवड्याला काही तुकडे काढून यंत्रावर तुटेपर्यंत ओढतात. मग उंदरांच्या कातडीखाली दोरा ठेवून तेच मोजमाप करतात आणि भोवतीच्या ऊतींचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाह किती आहे ते नोंदवतात. जंतुरहित करताना वाफ चालत नाही, कारण ओलावा आणि उष्णता हेच या दोऱ्याचे विरघळणे सुरू करणारे घटक आहेत. म्हणून इथिलिन ऑक्साइड वायू वापरतात आणि पाकीट ओलावाबंद ठेवतात. हे सगळे आवश्यकच आहे. त्यात नापास झालेला दोरा माणसापर्यंत पोहोचताच कामा नये. पण अमेरिकेत आणि इतरत्रही ज्ञात द्रव्याच्या नव्या दोऱ्याला ‘आधीच्या मान्य दोऱ्याशी समतुल्य’ म्हणून बहुधा एवढ्यावरच परवानगी मिळते. रुग्णांवरील मोठी तुलनात्मक चाचणी सहसा सक्तीची नसते. एवढ्यात भागत असेल तर पुढचा खटाटोप कशाला, असा आक्षेप इथे येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. रसायन तेच असेल, ताकदीचा आलेख तोच असेल, तर माणसांत निकाल वेगळा का यावा?

तो वेगळा येतो, कारण पोटात हरतो तो दोरा नव्हे. फुटलेले पोट पुन्हा उघडले की बहुतेक वेळा दोरा अखंड असतो आणि गाठीही शाबूत असतात. फाटलेली असते ती दोऱ्याने धरलेली ऊती. ताणलेला बारीक दोरा मऊ ऊतीतून कापत जातो आणि टाका कडेतून निसटतो. इंग्लंडमधील सर्जन जेंकिन्स यांनी 1976 मध्ये या यांत्रिक बाजूचा हिशेब मांडला. शस्त्रक्रियेनंतर पोट फुगते तेव्हा छेदाची लांबी तीस टक्क्यांपर्यंत वाढू शकते. लांबी वाढली आणि दोरा मात्र तेवढाच राहिला, तर प्रत्येक टाका ऊतीत रुतू लागतो. त्यावर त्यांनी सांगितलेला उपाय असा की वापरलेल्या दोऱ्याची लांबी छेदाच्या लांबीच्या किमान चौपट हवी. हे मोजणे अगदी सोपे आहे: शिवून झाल्यावर उरलेला दोरा मोजायचा आणि मूळ लांबीतून वजा करायचा. उंदराच्या कातडीखाली नुसत्या पडून असलेल्या दोऱ्याला या ओढाताणीची गंधवार्ता नसते. रॉटरडॅमच्या संशोधकांनी 2017 मध्ये ‘अ‍ॅब्डोमॅन’ नावाची कृत्रिम पोटभिंत तयार केल्याचे प्रसिद्ध केले. तिच्यात दाब वाढवून निरनिराळे टाके तपासता येतात. ही पुढची पायरी झाली. पण त्या भिंतीत पेशी नाहीत, तिथे काही भरून येत नाही, कुजत नाही आणि तिला मधुमेहही होत नाही.

मग माणसांत तपासायचे कसे? कोणत्या रुग्णाला कोणता दोरा हे सर्जनच्या मर्जीवर सोडले तर अवघड रुग्णांना एक दोरा आणि सोप्यांना दुसरा असे आपोआप होते आणि तुलना फसते. म्हणून चिठ्ठी टाकल्यासारखे, कोणाच्याही निवडीवर अवलंबून न राहता वाटप करावे लागते. नेदरलँड्समध्ये 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका चाचणीत सुमारे दीड हजार रुग्ण होते. वर्षभराने हर्नियाचे प्रमाण व्हिक्रिलच्या सलग टाक्यात 20.6 टक्के, व्हिक्रिलच्या सुट्या टाक्यांत 16.9, पीडीएसमध्ये 13.2 आणि न विरघळणाऱ्या नायलॉनमध्ये 10.4 टक्के आढळले. टेकू लवकर काढला तर काय होते याचा पुरावा या आकड्यांत आहे. मग नायलॉनच का वापरू नये? तो तर कधीच विरघळत नाही. पण त्याच चाचणीत नायलॉनवाल्या रुग्णांत जखमेचे दुखणे आणि दोऱ्याभोवती नाडीव्रण होऊन स्राव येत राहणे जास्त होते. काम संपल्यावरही आत राहणाऱ्या परक्या वस्तूची ही किंमत आहे. बारीक अंगाच्या माणसाला कातडीखाली गाठी टोचतात, आणि एखादा दोरा काढण्यासाठी वर्षांनंतर पुन्हा भूल द्यावी लागते.

यापुढची कथा सरळ नाही, आणि तिच्यातले मतभेद लपवणे वाचकावर अन्याय करणारे ठरेल. 2000 मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणाने न विरघळणारा सलग टाकाच सर्वोत्तम ठरवला. दोनच वर्षांनी दुसऱ्या विश्लेषणाने दाखवले की विरघळणाऱ्या दोऱ्यांतले झटपट आणि संथ असे दोन गट वेगळे केले, तर संथ विरघळणारा दोरा हर्नियाच्या बाबतीत नायलॉन-प्रोलिनसारख्या न विरघळणाऱ्या दोऱ्यांच्या बरोबरीचा आहे, आणि दुखणे व नाडीव्रण मात्र कमी आहेत. पुरावा बराचसा तोच होता, वर्गवारी बदलली आणि निष्कर्ष फिरला. 2009 मध्ये जर्मनीतील इन्सेक्ट चाचणीने 625 रुग्णांत व्हिक्रिलचे सुटे टाके आणि दोन संथ विरघळणाऱ्या दोऱ्यांचे सलग टाके यांची तुलना केली. वर्षअखेर हर्निया अनुक्रमे 15.9, 8.4 आणि 12.5 टक्के निघाले. फरक डोळ्यांना मोठा दिसतो, पण रुग्णसंख्या पाहता तो निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता नाकारता आली नाही. एका दोऱ्याचा निर्विवाद विजय त्यातून जाहीर करता येत नाही, आणि ‘दोऱ्याने काही फरक पडत नाही’ असेही म्हणता येत नाही. पुढे 2017 मध्ये कॉक्रेनच्या आढाव्याने पंचावन्न चाचण्या आणि एकोणीस हजारांवर रुग्ण एकत्र पाहिले. एकसंध तंतूचा दोरा विणलेल्यापेक्षा हर्निया कमी करतो आणि विरघळणारा दोरा नाडीव्रण कमी करतो, एवढे त्यातून हाती लागले.

इतक्या रुग्णांनंतरही उत्तर एवढे धूसर का? मला याचे कारण स्वीडनमधल्या सुंड्सव्हाल गावच्या रुग्णालयात सापडते. तिथे लेइफ इस्राएलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोऱ्याचे द्रव्य न बदलता टाका बदलून पाहिला. कडेपासून एक सेंटिमीटरहून दूर मोठा टाका घ्यायचा ही शिकवण सर्जनांच्या पिढ्यान्पिढ्या चालत आली होती. मोठा घास म्हणजे मजबूत पकड, हे ऐकायला पटतेही. पण मोठ्या टाक्यात पट्टीबरोबर चरबी आणि स्नायूही येतो. दाबला गेल्याने त्याचा रक्तपुरवठा तुटतो, तो कुजतो, टाका ढिला पडतो आणि कडा सरकतात. या चमूने फक्त पट्टी धरणारे, कडेपासून पाच ते आठ मिलिमीटरवरचे बारीक टाके घातले. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 737 रुग्णांच्या चाचणीत हर्निया मोठ्या टाक्यांत 18 टक्के आणि बारीक टाक्यांत 5.6 टक्के निघाला. जखमेतला जंतुसंसर्गही निम्म्यावर आला. एकाच रुग्णालयाचा निकाल म्हणून शंका घेणाऱ्यांना 2015 मध्ये ‘लॅन्सेट’मधून नेदरलँड्सच्या दहा रुग्णालयांनी उत्तर दिले. स्टिच नावाच्या त्या चाचणीत 560 रुग्ण होते. पाच-पाच मिलिमीटरवर बारीक पीडीएसचे टाके घेतलेल्यांत वर्षभराने 13 टक्के आणि सेंटिमीटरवर जाड पीडीएसचे टाके घेतलेल्यांत 21 टक्के हर्निया आढळले. शिवायला सरासरी दहाऐवजी चौदा मिनिटे लागली. चार मिनिटांच्या बदल्यात दर बारा-तेरा रुग्णांमागे एक हर्निया टळत असेल, तर यापेक्षा स्वस्त उपाय सर्जरीत मला तरी आठवत नाही. इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. बारीक टाके घेणाऱ्या गटात दोरा पातळ होता, म्हणजे प्रयोगशाळेच्या यंत्रावर तो कमी ताकदीचा ठरला असता.

यावर कुणी म्हणेल, की मग दोऱ्याची चाचणी निरर्थकच ठरते, सगळे हातावर आहे. मी यातून नेमका उलटा निष्कर्ष काढतो. टाका किती अंतरावर, दोरा-छेद गुणोत्तर किती, हे न बांधता जितक्या चाचण्या झाल्या, त्यांत दोऱ्याचा परिणाम हातांच्या फरकात बुडून गेला. पद्धत बांधून घेतली की दोरा पुन्हा तपासता येतो. ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या एस्टोइह चाचणीत असाच एक पाऊल पुढचा प्रयत्न झाला. तिथे पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेटचा लवचिक आणि फारच संथ विरघळणारा दोरा दोन्ही गटांत वापरला आणि बारीक टाके मोठ्या टाक्यांशी ताडून पाहिले. वर्षभराने हर्निया बारीक टाक्यांत तीन टक्क्यांच्या आणि मोठ्या टाक्यांत सहा टक्क्यांच्या आसपास होते. दोन्ही आकडे इतके कमी निघाले की गटांमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झाला नाही. हे कमी आकडे दोऱ्याच्या ताणण्याच्या गुणामुळे, निवडलेल्या रुग्णांमुळे की प्रशिक्षित हातांमुळे? त्यासाठी बारीक टाका कायम ठेवून दोन दोऱ्यांची समोरासमोर तुलना हवी.

‘वर्षभराने’ हा शब्दही आतापर्यंत फार सहज येऊन गेला आहे. इन्सेक्ट आणि त्यानंतरच्या एका जर्मन चाचणीतील रुग्ण तीन वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा हर्नियाचे प्रमाण 12.6 टक्क्यांवरून 22.4 टक्क्यांवर गेलेले होते. पहिल्या वर्षाचा निकाल म्हणजे साधारण अर्धाच निकाल. चाचण्या एवढ्या लांबवणे परवडत नाही, रुग्ण पत्ता बदलतात, पैसा संपतो, ही अडचण खरी आहे. तिच्यावर एक देखणा तोडगा इंग्लंडमधल्या पोलॉक आणि इव्हान्स यांनी 1989 मध्ये दाखवला होता. त्यांनी शिवताना पट्टीच्या दोन्ही कडांवर धातूच्या बारीक क्लिपा लावल्या आणि महिन्याभराने क्ष-किरण चित्र काढून त्यांच्यातले अंतर मोजले. ज्यांच्या कडा बारा मिलिमीटरहून जास्त सरकल्या होत्या, त्यांतल्या जवळपास सगळ्यांना पुढे हर्निया झाला. म्हणजे वर्षांनी दिसणाऱ्या हर्नियाचे बीज पहिल्या महिन्यातच पडते, ज्या काळात भार मुख्यतः दोरा आणि टाका वाहत असतात. नवा दोरा महिन्याभरात कडा सरकू देत असेल, तर तीन वर्षे थांबण्याची गरज नाही, तो तिथेच बाद करता येईल. पण याचे उलट गृहीत धरू नये. महिन्याला कडा जुळलेल्या असल्या तरी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दोरा घाईने संपला तर काय होईल, हे त्या चित्रात दिसत नाही. लवकरची खूण नापास करायला वापरावी, पास करायला नाही.

प्रयोगशाळेतले यश माणसांत कसे विरते याचे सर्वांत ठळक उदाहरण ट्रायक्लोसान या जंतुनाशकाचा लेप दिलेल्या दोऱ्यांचे आहे. काचेच्या बशीत या दोऱ्याभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ वर्तुळ दिसते. युक्तिवाद बिनतोड वाटतो: जखमेत पू कमी, तर ऊती मजबूत आणि हर्नियाही कमी. काही लहान चाचण्यांनी आणि एकत्रित विश्लेषणांनी फायदा दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये सशर्त शिफारसही केली. पण पोटाच्या पट्टीवर जर्मनीत झालेल्या प्राउड चाचणीत, 1,224 रुग्णांत, संसर्ग 14.8 टक्के विरुद्ध 16.1 टक्के निघाला. फरक सिद्ध झाला नाही. मग 2021 मध्ये फाल्कन चाचणीचे निकाल आले. तिच्यात सात देशांतली 54 रुग्णालये आणि 5,788 रुग्ण होते, आणि त्या सात देशांत भारत होता. लेपाच्या दोऱ्याने संसर्ग कमी झाला नाही. दोन्ही गटांत मिळून सुमारे बावीस टक्के जखमा चिघळल्या. एवढ्या जंतूंपुढे दोऱ्यावरचा लेप तोकडा पडला असावा, असे मला वाटते. श्रीमंत देशांतील स्वच्छ, ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांमध्ये त्याचा थोडा फायदा असेलही, हा वाद अजून संपलेला नाही. मात्र आपल्याकडच्या रुग्णासाठी जास्त पैसे मोजून असा दोरा लिहून देण्याआधी फाल्कनचे उत्तर वाचायलाच हवे. हे उत्तर आपल्याकडच्या रुग्णांनी भाग घेतला म्हणूनच मिळाले.

आपल्याकडे गरिबांच्या देहावर प्रयोग नकोत, ही भावना मी समजू शकतो. नवे, न तपासलेले द्रव्य बाहेरच्या देशात बंदी असताना इथे वापरून पाहणे गुन्हाच आहे. टाक्यांच्या चाचणीत मात्र दोन्ही बाजूंना आधीच रोज वापरले जाणारे दोरे असतात आणि कोणता बरा हे खरोखर कुणालाच ठाऊक नसते. आज प्रत्येक सर्जन सवयीप्रमाणे एक दोरा निवडतोच. तो प्रयोगच आहे, फक्त त्याची नोंद होत नाही आणि रुग्णाला विचारले जात नाही. चाचणीत विचारले जाते आणि मोजले जाते.

आणि आपला प्रश्न युरोपच्या प्रश्नापेक्षा वेगळा आहे. इस्राएलसनच्या, स्टिचच्या, एस्टोइहच्या चाचण्या मुख्यतः ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांच्या होत्या. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयात मध्यरात्री पोट उघडले जाते ते अल्सर फुटल्याने, विषमज्वराने किंवा क्षयाने आतड्याला भोक पडल्याने. रुग्ण दोन-तीन दिवस उशिरा आलेला, पोटात पू, अंगात प्रथिने कमी. अशा पोटात हर्नियाआधी पोट फुटण्याचेच भय असते. दिल्लीच्या एम्समध्ये सुटे, इंग्रजी ‘एक्स’च्या आकाराचे टाके सलग टाक्यांशी ताडून पाहणारी चाचणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात सुट्या एक्स-टाक्यांत पोट कमी फुटले. सलग टाक्यात एका जागी ऊती फाटली की सगळा दोरा ढिला पडतो, सुट्यात शेजारचे टाके तग धरतात, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. 2022 मध्ये युरोपीय आणि अमेरिकी हर्निया संघटनांनी मिळून दिलेल्या शिफारशी सलग, संथ विरघळणारा, बारीक टाका सांगतात, पण त्यांचा भर ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांवर आहे. त्या जशाच्या तशा मध्यरात्रीच्या पोटाला लावता येतील का, हे इथल्या रुग्णांनीच सांगितले पाहिजे. म्हणून मला वाटते, आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी एकत्र येऊन तातडीच्या शस्त्रक्रियांत एकाच संथ विरघळणाऱ्या दोऱ्याचे बारीक सलग टाके आणि सुटे एक्स-टाके यांची तुलना करावी. पहिल्या महिन्यात पोट फुटले का, संसर्ग झाला का हे पाहावे. मग वर्षाने आणि तीन वर्षांनी सोनोग्राफीसह तपासणी करावी, कारण लहान हर्निया हाताला लागत नाही. दोरा उन्हाळ्यात कुठे साठवला होता याचीही नोंद व्हावी, कारण हे दोरे थंड, कोरड्या जागी ठेवण्यासाठी बनवलेले आहेत आणि नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यातले गोदाम तसे नसते. एवढी मोठी चाचणी उभी राहीपर्यंत एक गोष्ट मात्र कुठल्याही परवानगीविना उद्यापासून होऊ शकते. शस्त्रक्रियेच्या नोंदीत ‘पोट थरांमध्ये शिवले’ एवढ्यावर न थांबता दोऱ्याचे नाव, आकार, बॅच क्रमांक, छेदाची लांबी आणि वापरलेल्या दोऱ्याची लांबी लिहावी, आणि तीच ओळ रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावरही उतरवावी. तीन वर्षांनी तो माणूस फुगवटा घेऊन दुसऱ्याच गावातल्या सर्जनकडे गेला, तर त्या सर्जनला आत काय घातले होते हे तिथेच वाचता येईल.